डाव्या बुटाची तक्रार

४ जानेवारी

नवे बूट आले. कारखान्यात तपासणीच्या काट्यावर ठेवून पाहिले. एक बूट माझ्या जेवणाच्या डब्याच्या झाकणापेक्षाही हलका. प्लांट मॅनेजर मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, हा काटा व्हॉल्व्ह मोजायला आहे. मी म्हणालो, काटा बरोबर दाखवतोय ना, तेच बघत होतो. व्हॉल्व्हची पेटी काट्यापाशी सरकवून निघून गेले.

संकल्प: यंदा तीन शर्यती. आधी एकवीस किलोमीटर, मग तीस, मग पूर्ण बेचाळीस. तिन्ही याच बुटात. दुकानदार म्हणाला, साहेब, इतका हलका बूट लांब पल्ल्याला नको, पायाला आधार राहत नाही. लोक ऐकीव बोलतात. मी आयुष्यभर व्हॉल्व्ह तपासत आलोय. रीतसर ट्रायल घेणार आणि शेवटी पळणाऱ्यांच्या ग्रुपवर असा रिपोर्ट टाकणार की सगळ्यांची तोंडं बंद.

पाठ अजून थोडी धरते. मागच्या महिन्यात व्हॉल्व्हची पेटी उचलताना उसण भरली होती. डाव्या पायात कळ उतरते. बायकोला सांगितलेलं नाही. ती शाळेत गणित शिकवते. एक गोष्ट कळली की तिच्यावरून लगेच दुसरी काढते.

११ जानेवारी, सकाळ

पहिली धाव. पायात काही घातलंय असं वाटतच नाही. लांबूला मागे टाकलं. लांबू म्हणजे माझा पळण्यातला जोडीदार, बँकेत कॅशियर आहे. माणूस शिडीएवढा आणि पायाचा नंबर मात्र माझाच. त्याने जुने जाड बूट घातले होते. मी त्याला वाटेत हलक्या बुटाचे फायदे समजावून सांगितले. त्याला दम लागला होता, म्हणून वाद घातला नाही.

२९ जानेवारी

एकवीस पूर्ण. मागच्या वर्षीपेक्षा जरा सावकाश, पण वारा समोरून होता. (लांबू म्हणतो, वारा नव्हता. तो उंच आहे, त्याला वरचा वारा लागत असेल, मला खालचा लागला.)

महत्त्वाची नोंद: पाठदुखी गेली. पायातली कळही गेली. काहीही औषध न घेता. याचं श्रेय बुटाच्या फोमला द्यावं लागेल. रिपोर्टमध्ये वेगळा मुद्दा करायचा.

किरकोळ नोंद: शेवटी शेवटी डावा बूट वाजत होता. उजवा टप, डावा फट. टप, फट. सोल सैल असावा. घरी येऊन बायकोला सांगितलं की डावा बूट आवाज करतो. ती म्हणाली, बूट कसा आवाज करेल? काही लोकांना तांत्रिक गोष्टी समजावून सांगणं अवघड असतं.

१९ फेब्रुवारी

संशय खरा ठरला. डाव्या बुटाचा सोल बोटांपाशी झिजून पांढरा पडलाय. उजवा नव्यासारखा. एकाच जोडीत दोन वेगळ्या प्रतींचं रबर. हे माझ्या कारखान्यात झालं असतं तर मी अख्खा लॉट परत पाठवला असता.

२० फेब्रुवारी, दुपार

दुकानात गेलो. दुकानदाराने चष्मा लावून दोन्ही बूट उलटेपालटे केले आणि विचारलं, साहेब, तुम्ही डावा पाय घासत चालता का? मी त्याला शांतपणे सांगितलं की मी तपासणी विभागाचा प्रमुख आहे. त्याने जोडी बदलून दिली. मी निघालो तेव्हा दारापर्यंत माझ्याकडे बघत होता. आदर वाटला असावा.

८ मार्च

अलीकडे सगळ्याच मालाची प्रत घसरली आहे. घरातल्या स्लिपरचा डावा पट्टा ढिला आहे, चालताना स्लिपर पायातून निघून जाते. आज तर उडून थेट कपाटाखाली गेली. मोटारसायकलचा गिअर अडकतो. वरचा गिअर टाकायला डाव्या पंजाने दांडा उचलावा लागतो, तो वर जातच नाही. मेकॅनिककडे नेली. त्याने गल्लीत दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, लोण्यासारखी चालतेय. मी म्हणालो, नीट बघ. त्याने पुन्हा फेऱ्या मारल्या. लोकांना काम करायचंच नाही.

जिन्याची चौथी पायरी बाकीच्यांपेक्षा उंच आहे. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कशी आली नाही? मोजपट्टी लावली. सारखीच भरली. मोजपट्टी जुनी आहे.

२ एप्रिल

दुसरी जोडीही तशीच झिजली. डावा, बोटांपाशी. म्हणजे एखाद्या जोडीचा प्रश्न नाही, अख्खी बॅच सदोष. कंपनीला सविस्तर मेल लिहिला, सोलचे फोटो जोडले. भाषा सौम्य पण धारदार ठेवली. दुकानदाराने तिसरी जोडी मागवली, हात जोडून; ती येईपर्यंत हीच वापरायची. म्हणाला, साहेब, रंग तेवढा वेगळा मिळेल.

बायको म्हणाली, मला तुम्ही पोर्चमधून येताना खुर्चीवर बसल्या बसल्या कळतं. मी म्हणालो, प्रेम आहे. ती म्हणाली, आवाजावरून. एक पाऊल नीट आणि एक आपटल्यासारखं. कुणाला तरी दाखवा. मी म्हणालो, दुकानात दाखवलं की.

२३ एप्रिल, रविवार

मेहुणा जेवायला आला होता. तो डोळ्यांचा डॉक्टर. बायकोने त्याच्या कानात आधीच भरवलेलं दिसलं, कारण जेवण झाल्याबरोबर म्हणाला, दाजी, जरा टाचांवर उभे राहून चार पावलं चाला. मी म्हणालो, तू डोळे बघ. तो म्हणाला, डोळ्यांनीच बघतोय.

चाललो. उजवा पंजा उचलला. डावा फरशीला चिकटल्यासारखा राहिला. फरशी नुकतीच पुसली होती. मी तसं सांगितलं. बायको म्हणाली, आज फरशी पुसलीच नाही. मेहुणा गंभीर तोंड करून म्हणाला, दाजी, मला पायातलं फारसं कळत नाही, पण हे बुटाचं नाही. मणक्याच्या डॉक्टरला दाखवा, याच आठवड्यात. ज्याला फारसं कळत नाही त्याने इतक्या ठामपणे बोलू नये. त्याला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.

२८ एप्रिल

बायकोने नंबर लावून ठेवला होता. हॉस्पिटलपर्यंत गेलो. पार्किंगमध्ये गाडी लावली. समोरून एक माणूस वॉकर घेऊन येत होता. माझ्याच वयाचा. त्याच्या बायकोने त्याची पिशवी गळ्यात अडकवली होती. जरा वेळ बसलो आणि आठवलं की तीसच्या शर्यतीसाठी मोजे घ्यायचे राहिलेत. डाव्या मोज्याचं इलॅस्टिक गेलंय, सारखा घोट्यापर्यंत घसरतो. नवे मोजे घेतले. घरी सांगितलं, डॉक्टर नव्हते.

भीती वगैरे काही नाही. प्राधान्यक्रम असतो.

१४ मे, दुपार

तीसची शर्यत. निकाल राखून ठेवला आहे.

वळणावर रस्त्यावर पांढरा पट्टा मारला होता. नव्या रंगाचा थर जाड असतो. त्याला डाव्या बुटाचं टोक अडलं आणि मी हनुवटीवर पडलो. पाच टाके. टाके घालणारी नर्स म्हणाली, पडताना हात पुढे आले नाहीत का? मी म्हणालो, बूट फार हलका असल्यामुळे पाय कुठे आहे ते कळत नाही. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. लांब पल्ल्यात अति हलका बूट पायाचा अंदाज बिघडवतो. रिपोर्टमध्ये घ्यायचा.

लांबूने आपली शर्यत सोडली आणि माझ्याबरोबर अ‍ॅम्ब्युलन्समध्ये बसून आला. वाटेत एकदाच बोलला. म्हणाला, पट्टा मी पाहिला. त्यावरून चारशे माणसं गेली. मी म्हणालो, त्यांचे बूट वेगळे होते.

१५ मे

नव्या मोज्यांचंही इलॅस्टिक गेलं. फक्त डाव्याचं.

११ जून

हा वाद शास्त्रीय पद्धतीने मिटवायचा. आमच्या विभागात नव्या माणसाला मी पहिल्याच आठवड्यात शिकवतो: माल वाकडा येत असेल तर साचा काढून दुसऱ्या मशीनवर चढवा. दोष साच्याबरोबर गेला तर साचा खराब. दोष जागेवरच राहिला तर मशीन खराब. ही पद्धत आजवर चुकलेली नाही. घरी जेवताना मी बायकोलाही अनेकदा समजावली आहे.

तर माझी तिसरी जोडी काल दुकानात आली, ती न घालताच लांबूला दिली. नंबर एकच. महिनाभर त्याने यातच पळायचं. तोवर मी त्याच्या जुन्या जाड बुटात. लांबू आधी नको म्हणत होता. मग माझ्या हनुवटीकडे बघून हो म्हणाला.

२ जुलै

कंपनीचं उत्तर. दुकानातून परत आलेले दोन्ही डावे बूट तपासले, उत्पादनदोष आढळला नाही. अपेक्षेप्रमाणे हात झटकले. आपलाच माल आपणच तपासल्यावर दुसरं काय होणार?

१२ जुलै, सकाळ

लांबू जोडी घेऊन आला. डावा, उजवा, दोन्हींचा सोल सारखाच झिजलेला. एकसारखा. माझ्या पायातले त्याचे जाड बूट मात्र डावीकडे बोटांपाशी फाटले आहेत.

निष्कर्ष: लांबूच्या चालण्यात काहीतरी दोष असला पाहिजे, जो बुटाच्या दोषाला नेमका भरून काढतो. शिवाय एका माणसावर घेतलेली ट्रायल ही ट्रायल नव्हे.

१२ जुलै, दुपार

बायकोने दोन्ही जोड्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून उलट्या मांडल्या. बराच वेळ बघत बसली. मग विचारलं, साचा बदलून झाला ना? मग आता कुठलं मशीन उरलं?

मी आवाज चढवला. घरात मला तपासणी शिकवू नकोस म्हणालो. आणखीही बोललो, ते इथे लिहीत नाही. तिने वर्तमानपत्राची घडी केली, बूट दाराशी ठेवले आणि ताट घेऊन आतल्या खोलीत गेली. एकटाच जेवलो. जेवण गेलं नाही.

मी रागावलो ते बरोबरच होतं. पण तिने रडायला नको होतं.

१३ जुलै

तडजोड. बेचाळीसची शर्यत झाली की दुसऱ्याच दिवशी डॉक्टर. बायको म्हणाली, ती तर सप्टेंबरात आहे. मी म्हणालो, इतके महिने काही झालं नाही, आणखी दोन महिन्यांत काय आभाळ कोसळतंय? ती म्हणाली, तुम्ही शब्द देताय ना? दिला. माझ्याकडे बघत म्हणाली, तुमच्या शब्दाचं मी काय करू?

१३ ऑगस्ट

तयारी जोरात. लांबूचे जाड बूट माझ्या पायात फाटले, म्हणून तिसरी जोडी त्यालाच वापरायला दिली; मी माझ्या जुन्या बुटात. सुधारणा केल्या: डाव्या बुटाच्या टोकाला जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवला. लेसच्या वरच्या भोकातून इलॅस्टिकची दोरी ओवून ती गुडघ्याखालच्या पट्ट्याला बांधली. पाऊल टाकलं की दोरी पंजा वर ओढते. अफलातून. पेटंट घेण्यासारखं आहे. पळायला लागलो आणि चौकापर्यंत पोचतोय तोच दोरी तुटली. दोरीची प्रत.

आंघोळ करताना दोन्ही नडग्यांकडे पाहिलं. डावी बाहेरच्या बाजूने खोलगट झाली आहे. मांस आतून काढून घेतल्यासारखं. उजवी तशी नाही. बाथरूममधला दिवा एकाच बाजूला आहे.

टॉवेल गुंडाळून बराच वेळ स्टुलावर बसून होतो. बायकोने दार वाजवलं. आलो म्हणालो.

१७ सप्टेंबर

बेचाळीस.

१८ सप्टेंबर

काल लिहिता आलं नाही. अर्ध्यापर्यंत ठीक. नंतर दर पावलाला पंजा खाली लोंबत होता. गुडघा घोड्यासारखा उंच उचलून पळत होतो. कडेला उभे असलेले लोक टाळ्या वाजवत होते, मग माझ्याकडे बघून थांबत होते. चोविसाव्या किलोमीटरपाशी सपाट रस्त्यावर पडलो. पट्टा नाही, खड्डा नाही. उठलो, पुन्हा पडलो. मागून येणाऱ्या गाडीत बसवलं. त्या गाडीत आमच्यासारखे सात-आठ होते. कुणाला उलट्या होत होत्या, कुणाच्या पोटऱ्यांत गोळे आले होते. सगळे आपापलं दुखणं सांगत होते. मला विचारलं, तुमचं काय दुखतंय? मी म्हणालो, काहीच नाही. ते खरं होतं. काहीच दुखत नव्हतं.

शब्द दिल्याप्रमाणे आज डॉक्टरकडे. उद्या मणक्याचे फोटो काढायचे आहेत. बायकोने सुट्टी काढली आहे.

२० सप्टेंबर

मणक्यातली गादी सरकून शिरेवर बसली आहे. डॉक्टरांनी विचारलं, पाय कधीपासून असा? मी म्हणालो, थोडे दिवस. बायको म्हणाली, जानेवारीपासून. एकवीसच्या शर्यतीनंतर बुटाचा आवाज येतो म्हणाले होते, तेव्हापासून. डॉक्टरांनी विचारलं, आणि पाठदुखी? मी सांगितलं की ती जानेवारीतच गेली, नव्या बुटामुळे. सांगताना थोडा अभिमानच वाटला.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, अहो, दुखणं गेलं ते बरं झालं म्हणून नव्हे. शीर इतकी दबली की तिचं ओरडणंच बंद झालं. तेव्हा आला असतात तर... आणि थांबले. बायकोकडे बघितलं आणि म्हणाले, ऑपरेशन करू. पुढे बिघडणार नाही. गेलेलं किती परत येईल ते सांगता येत नाही, नऊ महिने हा फार काळ झाला.

बायको बाहेर येऊन लिफ्टपाशी उभी राहिली. मला वाटलं आता बोलेल. तिने फक्त लिफ्टचं बटण दाबलं, आणि लिफ्ट येईपर्यंत दाबतच राहिली.

संकल्प: पुढच्या जानेवारीत एकवीस. फार तर मार्चमध्ये.

५ ऑक्टोबर

ऑपरेशन होऊन आठवडा झाला. पाठीला टाके. पंजा हलत नाही. दिवसातून अनेकदा त्याच्याकडे बघून हुकूम सोडतो. अंगठा किंचित हलला असं आज वाटलं. बायकोला हाक मारली. तिने खाली वाकून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, चादर हलली असेल.

तिने असं म्हणायला नको होतं. पण तिने पाहिलं ते खरं होतं, कारण नंतर मी चादर काढून पाहिलं.

२२ ऑक्टोबर

लांबू आला. माझ्या तिसऱ्या जोडीत बेचाळीस पळाला, आयुष्यातली सर्वांत चांगली वेळ. हे सांगायलाच आला होता, पण मला बघून सांगावं की नाही अशा पेचात पडला. चहा गार करून प्यायला. शेवटी मीच बूट मागितले.

सवयीने तपासले. फोम जरा बसलाय, पण परत उठतो. ग्रिप चांगली. सोल दोन्हींचा सारखा. टाचेची शिवण जागच्या जागी. एवढ्या हलक्या बुटाने इतकं अंतर असं पेललं असेल असं मला स्वतःला वाटलं नव्हतं. मी लांबूला म्हणालो, ठेव तुझ्याकडेच. तो म्हणाला, बरा झालास की परत घे. दोघांनीही दुसरीकडे बघितलं.

२३ ऑक्टोबर

ग्रुपवर रिपोर्ट टाकला. लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी बूट उत्तम, दोष नाही, बिनधास्त घ्यावा. बऱ्याच जणांनी वर केलेले अंगठे पाठवले. एकाने विचारलं, तुम्ही स्वतः यात किती पळालात? दुकानदाराला फोन केला. तो तिसऱ्या जोडीची तक्रार समजून लगेच म्हणाला, साहेब, चौथी पाठवू का? नको म्हणालो. बूट चांगला आहे एवढंच सांगायला केला होता. तो म्हणाला, आता कसं आहे पायाचं?

त्याला दारातून माझं चालणं दिसलं होतं. फेब्रुवारीतच.

१९ नोव्हेंबर, सकाळ

प्लास्टिकचा स्प्लिंट मिळाला. पोटरीमागून खाली तळव्यापर्यंत येतो आणि पंजा धरून ठेवतो. मला अजून वाकायचं नाही, म्हणून पट्टे बायकोने लावले. वरून जुना मोठा बूट. कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचं, असं डॉक्टरांनी सांगितलंय.

बायको शेजारून चालत होती, एकेक पाऊल मोजून टाकल्यासारखी. मला ते आवडलं नाही. म्हणालो, तू तुझ्या चालीने चाल. ती म्हणाली, चालतेय की. मी म्हणालो, नाही, शाळेत जाताना जशी चालतेस तशी. ती एकदा माझ्याकडे बघून पुढे झाली. ती कधी पळालेली नाही. हातात पिशवी होती, पायात साध्या चपला. बघता बघता औषधाच्या दुकानापुढे गेली, मग न्हाव्याच्या, मग कोपऱ्यावर. मी औषधाच्या दुकानापाशीच होतो. पायरीवर बसलेला म्हातारा सरकला आणि मला जागा करून दिली. मी बसलो नाही. भिंतीला हात लावून उभा राहिलो.

मी येत नाही हे बघून ती परत आली. विचारलं, काय झालं? स्प्लिंट टोचतोय का?

टोचत होता. आतली कड नीट घासलेली नाही, घोट्यापाशी लागते. बनवणाऱ्याला दाखवायला हवी. हे सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं.

म्हणालो, पाय उचलत नाही गं.

तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि दंड पुढे केला. म्हणाली, धरा. धरला. कोपऱ्यापर्यंत गेलो नाही, तिथूनच परत आलो.